नऊ रेघा

घेतली तेव्हा बॅटरीच्या बारापैकी नऊ रेघा शिल्लक होत्या.
"नऊ म्हणजे पुष्कळ," लॉक्लन म्हणाला,
आणि टायरला बुटाचं टोक लावलं,
बाजारात दात बघून झाल्यावर
गुराच्या पाठीवर थाप मारावी तसं.
मी सत्तावीस वर्षं ड्यूनेडिनच्या चढांवर टपाल वाटलेलं.
माझ्याही नऊच उरल्या असतील.
घेतली.

जपानहून आलेली, वापरलेली, फिकट निळी.
बटण दाबलं की आतून एक बाई बोलते,
चार-पाच शब्द, शेवटाला किंचित झुकून,
दाराशी कुणी पाहुण्यांच्या चपला नीट लावाव्यात तसे.
पडद्यावरची अक्षरं तिच्याच मुलखातली.
नकाशाही तिथलाच, म्हणून आम्ही कायम समुद्रात:
कोऱ्या निळ्या पाण्यावर एक बाण,
जॉर्ज स्ट्रीटच्या सिग्नलला थांबलेला.

भाषा बदलून देतो म्हणाला होता, मंगळवारी.
कुठल्या, ते विचारायचं राहिलं.

शोरूममध्ये कॉफी फुकट.
दर्शनी काचेत डिझेलच्या थोराड गाड्या, पुसून पुसून आरसा केलेल्या.
विजेच्या मागे, जुन्या टायरांच्या ढिगापाशी,
सवतीच्या पोरांसारख्या.
चार्जर एकच, आणि त्याच्या तोंडाशी
मालकाची गाडी आडवी.
चावी मालकाच्या खिशात,
मालक मासे धरायला गेलेला.

जुलैच्या गारठ्यात नववी रेघ गेली.
ना आवाज, ना दिवा.
काल होती, आज नाही.
गाडी दोन दिवस ठेवून घेतली त्यांनी
आणि कागद दिला: सर्व काही सामान्य.
सामान्य असल्याचे एकशे चाळीस डॉलर.

मागच्या दाराने तेविता आला, हात पुसत,
टोंगाहून आलेला पोरगा, अजून शिकाऊ.
इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला,
"मावशी, हीटर लावू नका.
किलमॉगचा चढ साठच्या वर नको.
आणि रात्रभर शंभर टक्के भरून ठेवू नका तिला,
भरल्या पोटी झोपलेलं तिलाही बाधतं."
हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

तेव्हापासून दर गुरुवारी पामर्स्टनला जाते, बहिणीकडे,
मांडीवर गरम पाण्याची पिशवी, वर घोंगडी,
टक्के मोजत,
महिनाअखेरीला डब्यातले पैसे मोजावेत तसे.
चढाला अकरा गेले. उताराला दोन परत आले.
नोलीनला सांगितलं तर म्हणाली,
"माझ्या गुडघ्यांना शिकव की हे."

परवा वायकुआइटीला एक मुलगी उचलली,
रस्त्याकडेला अंगठा दाखवत उभी,
पाठीवर बोचकं, नखांत सफरचंदांच्या बागेतली माती.
चिनात्सु नाव. ओसाकाची.
मी बटण दाबलं, बाई बोलली,
आणि ही तोंडावर हात धरून हसायलाच लागली.
काय म्हणते गं ती?
"म्हणते, टोलचं कार्ड घातलेलं नाही."
एवढंच?
"एवढंच."

दीड वर्ष, रोज सकाळी,
मी तिला म्हणत आले होते:
तुलाही, बाई, तुलाही.

किलमॉग उतरेपर्यंत दोघी गप्प होतो.
मग मीच विचारलं, टोल लागतो का गं तुमच्याकडे फार?
"खूप," ती म्हणाली.
आमच्या अख्ख्या बेटावर एकही टोलनाका नाही.

आज तो मंगळवार उगवला. लॉक्लनचा फोन.
भाषा काही बदलत नाही, पण ती पेटी काढून टाकतो,
वीस मिनिटांचं काम, ऐंशी डॉलर,
परत कधी बोलणार नाही.
म्हटलं, राहू दे.
मालकाला तेवढी गाडी बाजूला घ्यायला सांग.

साडेसहाला काचेवरचा बर्फ खरवडला.
बटण दाबलं.
कार्ड घातलेलं नाही, ती म्हणाली.
नाहीच, म्हटलं. चल.
आठ रेघा.