पाणी जोखणं

पहिली बॅच दोनशे पिल्लांची.
डाकारहून फाटिकला रात्रीच्या बसनं आली,
भोकं पाडलेल्या खोक्यांत, चिवचिवत.
मी भुईमुगाच्या टरफलांवर ती सोडली
मुठीमुठीनं, दाणे पेरावेत तशी.

एकविसाव्या दिवशी लातिर आला, काटा घेऊन.
पाय बांधून एक पाखरू उलटं टांगलं.
"नऊशे ग्रॅम हवं होतं," म्हणाला.
काटा सहाशेवर थरथरत होता.
दुसरं टांगलं. पाचशे ऐंशी.
तिसरं मी टांगू दिलं नाही.

नवरा म्हणाला, कुठंतरी पाणी मुरतंय.
त्याचा संशय दाणेवाल्यावर, पोत्यात भुसा असणार.
माझा त्याच्या भावावर, जो रात्री राखणीला झोपायचा.
खाली टरफलं ओली, पिचपिचीत,
शेडमध्ये डोकं घातलं की डोळ्यांतून धार.
तीनदा बदलली मी ती टरफलं.
वाटलं, छप्पर गळतंय.
आभाळात ढगाचा ठिपका नसताना!

लातिरनं खाद्य हुंगलं, बाजूला ठेवलं.
मग लाल भांड्यात बोट बुडवलं, चोखलं.
"न्यिलान, हे कधी चाखलंस?"
मी हसले. त्यात चाखायचं काय?
चाळीस वर्षं वाढले याच विहिरीवर.
मला ते पाण्यासारखं लागतं.

त्यानं खिशातून पेनाएवढं यंत्र काढलं.
आकडा चढत गेला, चढत गेला,
आमच्या बायका मिठागरात ढीग रचतात ना, तसा.
"दाण्याच्या दुप्पट पाणी पितं हे पाखरू.
मीठ आणखी पाणी मागतं,
पाणी खालून निघून जातं,
अंगाला लागत नाही काहीच."
नळीत बोट फिरवलं तर आत बुळबुळीत थर.
जीवनसत्त्वांची गोड पूड मीच घालायची,
तिच्यावर पोसलेला.
त्या शेडमध्ये तेवढाच एक बाळसेदार होता.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
कोंबड्या नाही जागल्या.
तीन आठवड्यांत आमचं पाणी जोखून मोकळ्या झाल्या.
जागलो ते आम्ही,
तपकिरी दातांनी, ओठांवर हात धरून हसत.
(लातिर म्हणतो, दातांचं कारण मीठ नव्हे, फ्लोराइड.
दोन्ही एकाच बादलीतून येतं, मला तेवढं पुरे.)

आता दुसरी बॅच, कोरितेच्या ईदला विकायची.
दिएगानची गाढवगाडी एक दिवसाआड येते,
पलीकडच्या गावच्या यंत्रातून गाळलेलं पाणी,
पिवळे कॅन, वीस-वीस लिटरचे.
वहीत लिहिते: पाणी, कोंबड्या, सहा कॅन.
भांडी रोज घासते, ब्लीचचे थेंब मोजून टाकते,
नळी उन्हातून काढून ओल्या पोत्याखाली नेली.
एकविसावा दिवस: आठशे नव्वद.
मी काटा बोटानं टिचकी मारून पाहिला.

काल सकाळी यांदे शेडमध्ये सापडली.
सात वर्षांची. पुढचे दोन दात नुकते फुटताहेत,
आत्ताच त्यांवर खडूचे चट्टे.
ओणवी, लाल भांड्याला तोंड लावून,
आणि पिल्लांनी तिला सरकून जागा दिलेली.
"हे गोड आहे," म्हणाली,
आणि मार चुकवायला मान आवळली.

मी मारलं नाही.
घरात गेले, वही उघडली.
एका कॅनमागे किती ग्रॅम, ते मला तोंडपाठ.
पोरीचं वजन मी कधी केलेलं नाही.
"कोंबड्या" या शब्दापुढं पेन टेकवून बसले,
शाईचा डाग पसरेपर्यंत.

बाहेर दिएगान ओरडतोय,
किती उतरवू?