कारण : झुडूप

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
मी सगळ्या खात्यांचे कागद गोळा करते
आणि त्यांचा एक अहवाल बांधते.
आमचं शहर लहान. मोठ्या सरोवराच्या काठचं,
तांब्याच्या खाणी मिटल्यावर मागे उरलेलं.
खाती मात्र मोठ्या शहराइतकीच,
फक्त प्रत्येकात दीड माणूस.

दीड म्हणजे खरंच दीड.
उद्यानांचा टोइवो दुपारनंतर दफनभूमीचा होतो,
झिजल्या दगडांवरून ओला स्पंज फिरवतो
आणि उमटतील ती नावं वहीत उतरवतो.
ऑक्टोबरात एकशे सहा मिळाली.
तीन काही केल्या वाचता आली नाहीत,
त्यांचाही आकडा दिलाय, वेगळ्या रकान्यात.

रस्त्यांसाठी मीठ आलंय,
ताडपत्रीखाली डोंगर : हिवाळ्याची बेगमी.
वाचनालयातून आता शिवणयंत्रंही घरी नेता येतात.
एक परत आलं
ते सुईखाली कुणाच्या तरी अर्ध्या बाहीसकट.
बाहीचं अहवालात घालू का, ग्रंथपाल विचारते.
घाल म्हटलं.
बर्फाच्या मैदानाला फळ्या ठोकायला
पाच जण हवे होते, नावं आली अकरा,
त्यातले दोघे नव्वदीच्या घरात.

पाणी खात्याचा कागद नेहमी शेवटी येतो,
कोपऱ्यात डेल्बर्ट राउटिओचा चिखलाचा अंगठा.
शिशाचे जुने नळ काढून नवे घालायचं काम :
*नियोजित घरे सहा. झाली पाच.
उशीर एक दिवस. कारण : झुडूप.*

एवढंच.
बाकीचं मला त्याच्याकडून कळलं, कॉफीच्या यंत्रापाशी,
तेही तुकड्यातुकड्याने.

ओटिली ब्रोझोविचच्या दारात लायलॅक आहे.
खाण बंद झाली त्या आठवड्यात
शेवटच्या पगारात सगळ्यांनी काढली तिकिटं,
तिच्या नवऱ्याने आणलं हे रोप.
*आता कुठे जायचं नाही,* म्हणाला म्हणे,
आणि खरंच गेला नाही, टोइवोच्या वहीत जाईपर्यंत.
नळ नेमका त्याच्या मुळांखालून.

ती पायरीवर उभी राहिली, हात बांधून.
सत्तर वर्षं हेच पाणी पितेय, म्हणाली,
माझं काय वाकडं झालं?
डेल्बर्ट काही बोलला नाही.
आत कुणीतरी बाळाच्या दुधासाठी
नळाखाली बाटली धरली होती.
पाण्याचा आवाज दोघांनीही ऐकला.
*खणा,* ती म्हणाली, आणि पडदा ओढून घेतला.

मग त्याने यंत्र बंद केलं.
दिवसभर तिघे जण गुडघ्यांवर,
हातखुरप्याने, शेवटी तर डब्यातल्या चमच्याने
माती काढत राहिले,
एकेक मूळ ओल्या गोणपाटात गुंडाळून
बाजूला बांधत राहिले, जखमी बोटासारखं.
संध्याकाळी नवा नळ बसला. तांब्याचा.
तांबं आमचं नाही,
त्यावर दुसऱ्याच देशाचा शिक्का.

सभेत एका सदस्याने चष्मा वर करून विचारलं,
झुडूप म्हणजे नेमकं काय?
डेल्बर्ट उठला, टोपी हातात.
जांभळं असतं, म्हणाला. जूनमध्ये.
पुढचा प्रश्न कुणाला सुचला नाही.
इतिवृत्तात मी लिहिलं : चर्चा झाली.

जगलं की नाही, आत्ता सांगता येत नाही,
पानं तशीही गळालीत.
सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात,
इथे आठ लागतील.
जूनच्या कोऱ्या अहवालात
एक रकाना मी आजच आखून ठेवलाय.
कुठल्या खात्याखाली धरायचा
ते अजून ठरत नाही.