तोंडं बांधलेल्या पिशव्या

निइगाताच्या प्रयोगशाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
शिनोबु यकृत कापते.
मेणात बसवलेला उंदराचा तुकडा,
केसाहून पातळ काप,
कोमट पाण्यावर पसरतो तेव्हा कांद्याचा पापुद्राच.
डावीकडच्या काचेवर तीन महिन्यांचा उंदीर,
उजवीकडे चोवीस महिन्यांचा,
माणसाच्या हिशेबात सत्तरीतला.
दोघांना एकच औषध टोचलेलं, वजनाच्या मापाने,
अंग दुखलं की आपण घेतो तेच.

तरुण पेशीत नासधूस दिसते आणि आवराआवरही.
बिघडलेले कण पिशवीत जातात,
पिशवी पुढे जाते, आतला ऐवज विरघळतो,
त्यातूनच पुन्हा काहीबाही बांधलं जातं.

म्हाताऱ्या पेशीत पिशव्या आहेत.
भरपूर आहेत.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती खुर्ची मागे सारून उभी राहिली होती.
तिला वाटायचं, वय झालं की केर कोणी काढतच नसेल.
तसं नव्हतं. केर काढलेला होता,
भरलेला होता, तोंडं बांधलेली होती.
न्यायला कोणी आलं नव्हतं.
आणि मधल्या जागेत पिवळट तपकिरी कण,
कशानेच न विरघळणारे,
निळ्या प्रकाशात उगाच चमकणारे.

आपण ज्याला काळीज म्हणतो आणि हात छातीवर ठेवतो,
ते खरं तर उजवीकडे, फासळ्यांच्या आड,
दीड किलोचं, कुरकुर न करणारं.
शिनोबुच्या गावात म्हणत,
किसाकुचं यकृत जागेवर बसलेलं आहे,
म्हणजे माणूस घाबरत नाही.

किसाकु तिचा बाप. वय त्र्याऐंशी.
जानेवारीत छपरावरचं बर्फ ओढताना घसरला
आणि कोणाला बोलला नाही.

फेब्रुवारीतल्या शनिवारी ती वर गेली.
रस्त्याच्या दोन्ही अंगांना बर्फाच्या भिंती, बसपेक्षा उंच.
दार सरकवलं तर पाऊल ठेवायला जागा नाही:
बूट काढायच्या जागेत अकरा पिशव्या,
नगरपालिकेच्या, लाल अक्षरांच्या जळणाऱ्या, निळ्या प्लास्टिकच्या,
मासळीचे ट्रेसुद्धा धुऊन, वाळवून, एकात एक घातलेले.
प्रत्येकीवर नियमाप्रमाणे नाव,
इताबाशी किसाकु,
शाळेतल्या पोरासारखं, रेघ न चुकवता.

कचऱ्याचा थांबा पुलाखाली.
उन्हाळ्यात साडेतीनशे पावलं.

टेबलावर दोन खोकी. एक सर्दीचं, एक कंबरेचं.
तिने चष्मा वर करून मागची बारीक अक्षरं वाचली.
दोन्हींत तेच औषध. काचेवरचं.
"लिहिलंय तेवढंच घेतलं," तो म्हणाला,
आणि ते खरं होतं, दोन्ही वेळा खरं होतं,
सहा आठवडे.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने कागद फिरवून दाखवला.
आकडा चार अंकी.
गोळ्या बंद, सलाईन, तीन रात्री.
"उतरेल," तो म्हणाला. मग किसाकुकडे बघून,
"सावकाश उतरेल."
बाप कागदाकडे बघत होता,
दुसऱ्याच्या शेताचा नकाशा बघावा तसा.

बुधवारी, साडेसहाला, अजून अंधार,
तिने घसरगाडीवर पिशव्या लादल्या. दोन खेपा.
दुसऱ्या खेपेला लाल अक्षरांची एक पिशवी फाटली
आणि चहाचा चोथा बर्फावर सांडला.
तो तिने हातमोज्यांनी गोळा केला, होईल तितका.
थोडा राहिलाच.

गाडी आली, तिची ती पोरकट धून वाजवत.
ओनोझुका नावाचा माणूस उतरला,
एक पिशवी उचलली, दुसरी उचलली,
तिसरीवरचं नाव वाचून थांबला.
"आहेत होय," तो म्हणाला.
"दीड महिना पिशवी नाही,
आम्हाला वाटलं, मुलीकडे गेले असतील."

शिनोबु काही बोलली नाही.
तिने चौथी पिशवी त्याच्या हातात दिली.