तीन टिंबं

दुर्भाटच्या धक्क्याला रात्री होडी लागली की
आई चहाचं आधण ठेवायची आणि आतलं दार लोटून घ्यायची.
कोण आलंय ते पावलांवरून कळे.
मुंबईची टाच होती ती,
आमच्या चिऱ्यांशी सलगी न उरलेली.

द्वारका अडपईकर.
जिच्या नावाच्या पावडरीच्या डब्या निघाल्या होत्या,
जिचा फोटो पणजीच्या एका न्हाव्यानं आरशावर लावला होता
देवाच्या जरा खाली,
ती बाबांच्या ऐरणीसमोर फतकल मारून बसायची.
मी अकरा वर्षांचा. दिवा धरायचं काम माझं.
हात हलला की बाबा डोळे वर न करता म्हणत,
"दिवो थीर धर."

पदराआडून एकेक काढायची.
पहिल्या वर्षी वज्रटीक. मग तन्मणी.
मग त्या जाड पाटल्या, ज्या म्हणे कुणा संस्थानिकानं
प्रयोग संपताच स्वतःच्या हातातून उतरवून दिल्या.
राजे पाटल्या घालतात?
मी विचारलं, तर इतकी हसली
की मांडीवरचा मखमली बटवा घरंगळला.

"आबूशेट, हें विकूंक जाय.
आनी तशेंच दुसरें करून दियात. कोणाक कळूंक फावना."

सोनं मुशीत आधी तांबडं होतं, मग थरथरतं, मग पाणी.
ती बघत नसे. खिडकीतून जुवारीकडे तोंड करून बसे.
बाहेर काळोख होता
आणि फार लांब, मानशीवर, कुणाचा तरी कंदील.

पैसे कुठे जात हे गावाला आमच्याआधी ठाऊक होतं.
एक निर्माता होता. त्याचा दमा आणि त्याचा रेसचा घोडा
दोन्ही तिच्याच पदरी.
एक भाऊ, दर चतुर्थीला नवं छप्पर मागणारा.
आणि पाचगणीच्या बोर्डिंगात एक मुलगी,
जिला फॉर्मवर तिच्या नावापुढे
'मावशी' लिहायला शिकवलं होतं.

ज्या देवळात तिची आजी पालखीपुढे नाचली
त्याच देवळाच्या महाजनांनी तिच्या हातून दीपमाळ पेटवली,
फोटो काढून घेतले,
आणि तिचं पान वेगळ्या ओसरीवर मांडलं.
त्या दिवशी तिच्या अंगावर नखशिखान्त आमच्या घरचं पितळ होतं.
काय झळाळत होतं!
गर्दीत मागे बाबा उभे,
अख्ख्या जत्रेत एकटेच घाबरलेले.

त्याच रात्री आली. सिनेमातल्या शुद्ध मराठीत म्हणाली,
"पितळ हलकं असतं हो. आज मान दुखली नाही."
केसांत सुरंगीचा वळेसर तेवढा खरा.
त्याच्यासाठी ती कधी घासाघीस करत नसे.

पुढे होडी येईनाशी झाली. पूल झाला. बाबा गेले.
दुकान फोंड्याला आलं, काचेचं, थंडगार.
परवा तिचा भाचा पेटी घेऊन आला.
"आत्याचं. बातमी वाचलीच असेल तुम्ही.
लॉकरमध्ये ठेवतोय, फक्त आकडा सांगा."

भिंग लावलं.
प्रत्येक फासाच्या आतल्या अंगाला बाबांची तीन टिंबं,
खोट्याची खूण. तिला सांगूनच घातलेली,
पुढे कुणी फसू नये म्हणून.
तन्मणी, तीन टिंबं.
पाटल्या. वज्रटीक. तीन, तीन.
तरी मी कसोटीचा दगड काढला, उगाच,
एक रेघ ओढली, तेजाबाचा थेंब टाकला.
रेघ हिरवी होऊन उडाली.

"फसवलं म्हातारीनं," तो म्हणाला.
मग थोडं थांबून, "पेटी तरी चांदीची आहे का?"

पेटी जर्मन सिल्व्हरची होती.
तळाशी सुताला चिकटलेली सुरंगी, काळी, कुरकुरीत.
ती त्यानं काउंटरवर झटकली
आणि पेटी बगलेत मारून गेला.

दुपारभर काचेवर तो भुगा तसाच.
पुसायला आलेल्या पोरीला म्हटलं, राहू दे.
तिनं नाक जवळ नेलं.
"शेट, हाका अजून वास आसा."