प्रतिवादी क्रमांक दोन

कसबा बावड्यात, कोर्टासमोरच्या टपरीवजा खोलीत
मी वकिलांचे अर्ज टाइप करते.
काल सिद्राम कोरवी आला,
उजवा हात प्लास्टरात, काखेत एक्स-रेचा लखोटा.

नाक्यावर दोन्ही राज्यांचे पोलीस एकाच मांडवात,
एकाच किटलीतला चहा.
झाडूंची मोळी सोडायला लावली,
मग काठी.
कुणाची, हे त्यानं बघितलं नाही.
"डोळं मिटलं की वो," म्हणाला.

कागल म्हणालं, पलीकडं घडलंय.
निपाणीनं कन्नडात लिहून दिलं : काठी अलीकडची.
सहा आठवडे हाड मात्र
एकाच जागी दुखत राहिलं.

इंगवले वकीलबाई म्हणाल्या, दोघांनाही प्रतिवादी कर,
एकत्रित आणि स्वतंत्रपणे जबाबदार.
भरपाईच्या आकड्याची जागा मी कोरी सोडली.
त्यानं विचारलं,
"ह्यात झाडूंचं लिवलंय का?
एकवीस हुते. शिंदीचे."

लिहिलं. परिच्छेद सात.

सही त्याला उजव्या हातानंच यायची.
डाव्या अंगठ्याला शाई लावली,
चार प्रती.
तिसरीवर अंगठा जरा घसरला,
रेघ उमटली,
समासाच्या बाहेर गेली.
मी ती तशीच राहू दिली.