सोळा थाऊ

पुण्याहून आलेले गृहस्थ म्हणाले,
जुन्या जीपचं मॅन्युअल तुमच्याकडे आहे असं कळलं.
आहे की, म्हटलं. बसा.
पत्र्याच्या पेटीतून काढलं, फडक्यात गुंडाळलेलं,
पाठीला ट्यूबचा तुकडा डकवलेला,
आणि वास अजून तोच:
रॉकेल, ग्रीस, दमट कागद.

कॅम्पातल्या लिलावात आप्पांनी गाडी घेतली तेव्हा
सीटखाली हे फुकट मिळालं होतं.
इंजिन जाम.
पुस्तकच तेवढं चालू होतं.

आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, मला इंजिन.
सहावीतली मी, तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडच्या शेडमध्ये
उलट्या खोक्यावर बसून मोठ्याने वाचायची,
एकेक शब्द सुटा करून,
आणि गाडीखालून आवाज यायचा: पुढं.
कधी: थांब. परत वाच.
मी काय वाचतेय ते मला कळायचं नाही.
मी कुठे चुकले ते त्यांना कळायचं.

लढाईच्या घाईत छापलेलं पुस्तक ते,
कालपर्यंत नांगर धरणाऱ्या, टाइपरायटर बडवणाऱ्या
पोरांच्या हातात द्यायला.
म्हणून सगळं पहिल्यापासून सांगितलेलं:
आधी बॅटरीची तार सोडवा.
नट डब्यात ठेवा, हरवतात.
कुठे ओरडणं नाही, तुला काय कळतंय असं नाही.
पुस्तक धरूनच चालायचं
की वाचणाऱ्याला दोन हात आहेत
आणि अंधार पडायला अवकाश आहे.

चित्रं मात्र माझी.
अख्खा गिअरबॉक्स स्फोट झाल्यासारखा सुटलेला
पण काहीच खाली पडत नाही.
दात्यांची चाकं, वॉशर, एवढीशी पिन,
सगळे हवेत, ओळीने,
एकमेकांकडे तोंड करून थांबलेले,
जेवायला हाक मारली की आत येतील असे.

समासात गर्दी होती.
आप्पांचं मराठी, पेन्सिल जिभेवर ओली करून लिहिलेलं.
दस्तगीर मिस्त्रींची उर्दू, उजवीकडून निघालेली,
मध्येच छापील ओळीला धडकून थांबलेली.
आणि गॅस्केटच्या पानावर शिवरुद्राप्पाचं कानडी:
हेच्चु बिगि बेड.

शाळेत नुकतीच ती गोल अक्षरं शिकलेली मी
ऐटीत वाचलं, अर्थही सांगितला:
बिगीबिगी नको. घाई करू नका.
शिवरुद्राप्पा पाना टाकून हसला.
घाई नव्हे गं, घट्ट. फार आवळू नको म्हणतो मी.
गाडीखालून आप्पा म्हणाले,
दोन्ही खरंच आहे की.

त्या दिवशी गावात बंद होता, पाट्यांवरून.
आमच्या शेडला पाटीच नव्हती.
खुणेला एक टायर टांगलेला.

गृहस्थांनी चार पानं उलटली, बोटं रुमालाला पुसली.
एखादी स्वच्छ प्रत नाही का हो?
गाडी अगदी पुस्तकाबरहुकूम करायचीय.

मी पान शोधून दिलं.
टॅपेटचं अंतर छापलंय चौदा थाऊ.
त्यावर काट नाही, खाली नुसती बारीक रेघ,
आणि बाजूला तीन लिप्यांत, तीन हातांनी, सोळा.
एकाने लिहिलं असेल, दुसऱ्याने फीलर घालून पाहिलं असेल,
तिसरा चोर्ला घाट चढून आल्यावरच मान्य झाला असेल.
विचारायला आता तिघांतलं कोणी नाही.

माझ्या दारातल्या नव्या गाडीलाही पुस्तक आहे, गुळगुळीत.
त्यात सगळ्या दुखण्यांवर एकच औषध:
अधिकृत केंद्राशी संपर्क साधा.

झेरॉक्स घ्या, म्हटलं, हवी तेवढी.
कोपऱ्यावर दुकान आहे, मी येते सोबत.
फक्त त्या पोराला आधीच सांगायला हवं,
काळं दिसतंय म्हणून
समास कापू नकोस.