आटे

सकाळपासून चक्ती निघत नाहीये.
पॉलिशरच्या तोंडाला अशी बसलीय
जणू कारखान्यातूनच दोघं जोडीनं निघाली.
वरचा फोमचा पॅड फाटून हातात आला,
खालची चक्ती जागच्या जागी.

रुस्तावीच्या बाजारात आज वारा सुटलाय,
पत्रे वाजताहेत.
पोतीच्या बंदरातून आलेल्या ठोकलेल्या गाड्या
रांगेत उभ्या, काचेवर अजून
अमेरिकेतल्या लिलावाचे आकडे.
चार वाजता चंदेरी प्रियसचं गिऱ्हाईक येणार
आणि बॉनेट अर्धंच झालंय:
अर्ध्यात माझा चेहरा, अर्ध्यात कोळ्याची जाळी.

बटण दाबून धरलं, चक्ती पिळली.
आतली पिन कुरकुरली तशी सोडून दिली,
ती तुटली तर मशीनच गेलं.
हीटगननं शेकलं.
तेल सोडलं, वाट पाहिली दोन ग्लास चहाइतकी.
मग एतेरीच्या खानावळीत नेऊन
फ्रीजरमध्ये ठेवलं, खिंकालीच्या पिशव्यांशेजारी.
ती म्हणाली, "हे किती वेळ उकडायचं?"
हातोडी उचलली.
परत ठेवली.

कुणी आवळली एवढी?
हिवाळ्यात मी तर नुसत्या बोटांनी बसवली होती.
विचार केला तर, कुणीच नाही.
मशीन फिरतं तसेच आटे बसत जातात,
प्रत्येक दार, प्रत्येक छत, प्रत्येक डिकी
केसाएवढं आवळत गेली.
काम करता करताच पडलाय हा पीळ.

आता लागणार सतरा नंबरचा पातळ पाना.
आख्ख्या रांगेत तो एकाकडेच, नुगझारकडे,
आणि नुगझार माझ्याशी बोलत नाही
द्राक्षांच्या तोडणीपासून.

झालं होतं असं:
त्याचं गिऱ्हाईक माझ्या दिव्याखाली गाडी घेऊन आलं,
विचारलं, मी सांगितलं,
डाव्या दाराचा रंग मागाहून दिलाय.
एवढंच. खरंच होतं ते.
पण सहा हजार लारींचं खरं होतं.

काखेत बदक धरावं तसं मशीन धरून
त्याच्या दारात उभी राहिले.
तो पाव खात होता. माझ्याकडे पाहिलं नाही,
मशीनकडे पाहिलं.
"कुठल्या बाजूनं फिरतं?"
सात महिन्यांतला पहिला शब्द.
मी बोटानं हवेत गोल काढून दाखवला.

पाना फटीत सरकला,
स्पिंडलच्या दोन सपाट गालांवर बरोब्बर बसला.
"हे तू धर."
स्वतः कमरेचा जुना पट्टा काढून
चक्तीभोवती दोन वेढे दिले.
"मी तिकडे ओढणार, तू इकडे. सोडू नकोस."
सोडणार नव्हतेच.
माझं कोपर त्याच्या बरगडीत,
त्याच्या पँटची एका हातानं चाललेली कसरत,
दोघांचेही दात घट्ट, आणि
टक्.
अक्रोड फुटावा तसा आवाज.
मग एका बोटानं फिरवली तरी फिरत राहिली,
जणू अडलीच नव्हती कधी.

आट्यांत वाळलेलं पॉलिश, काळं.
त्यानं अंगठ्यानं पुसलं.
"मध्ये वॉशर टाकायचा असतो," म्हणाला,
जणू सात महिने हेच सांगायचं राहिलं होतं.

मी म्हटलं, "दार रंगवलेलंच होतं, नुगझार."
पट्टा परत कमरेत ओवत तो म्हणाला,
"माहितीये. मीच रंगवलं होतं."

चार वाजता गिऱ्हाईक आलं.
बॉनेटमध्ये पत्रे, ढग, माझी टोपी, सगळं दिसत होतं.
तेवढ्यात हा आला, पाना न्यायला म्हणे.
गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकला,
आणि गिऱ्हाइकासमोरच हेडलाइटपाशी बोट ठेवून म्हणाला,
"इथं एक रेघ राहिलीय."

होती.
मी मशीन सुरू केलं.